हिवाळ्यात वीजबिल फुगतंय? या चुका टाळा

थंडीतलं पहिलं बिल हातात पडलं की घराघरात "दिवे बंद करा" सुरू होतं. दिवे बंद कराच, पण ९ वॅटचा एलईडी दिवा शंभर तास जळला तरी एक युनिट पुरं होत नाही. २००० वॅटचा गिझर तेच युनिट अर्ध्या तासात संपवतो. हिवाळ्यात पैसा जातो तो उष्णतेवर, म्हणून लक्षही तिथेच द्यायला हवं.

सर्रास होणारी चूक म्हणजे गिझर लावून विसरणं. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांवर न्यायला साधारण अर्धं युनिट लागतं, म्हणजे २००० वॅटच्या गिझरला जेमतेम सोळा मिनिटं. पाणी कोणीच वापरत नसताना तासाभरानेही लाल दिवा विझत नसेल, तर काहीतरी बिघडलंय. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी पुरेसं तापलं की वीज तोडणारा भाग, तपासून घ्या, आणि तोवर गिझर लावूच नका. गरम पाण्याच्या नळाखाली पेलाही ठेवून पाहा. सेकंदाला एक थेंब गळला तरी दिवसाला पंधरा-वीस लिटर तापवलेलं पाणी वाहून जातं. तिथे वायसरनं काम भागतं. 

थर्मोस्टॅट शेवटपर्यंत फिरवून ठेवू नका. टाकी जितकी जास्त गरम, तितकी ती लवकर निवते. ५० ते ६० अंश पुरे. त्याहून खाली मात्र नको, कोमट साठवणीत लिजिओनेला जिवाणू वाढतात.

"ऑइल हीटर कमी वीज खातो" हा समज खोटा आहे. पंख्याचा असो वा तेलाचा, एका युनिटमागे उष्णता तेवढीच मिळते. एसीला गरम करण्याची सोय असेल तर तो वापरा. तो बाहेरची उष्णता आत ओढतो, त्यामुळे फार कडाका नसेल तर त्याच युनिटमध्ये दोन-तीनपट ऊब देतो.

आणि दाराखालची फट! ८० सेंटिमीटर रुंद दाराखाली एक सेंटिमीटर फट म्हणजे भिंतीला तळहाताएवढं भोक. जुनी चादर गुंडाळून लावा. पण खोलीत शेगडी किंवा गॅस पेटवला असेल तर फट कधीच बुजवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो.

एवढं करूनही बिल उतरलं नाही, तर घरातलं सगळं बंद करून मीटरसमोर उभे राहा. मीटरवरचा छोटा दिवा लुकलुकत असेल, तर कुठेतरी वीज अजून खर्च होतेय; एकेक एमसीबी (घरातल्या प्रत्येक लाइनचा खटका) खाली करत जा. ज्या एमसीबीला तो थांबेल, त्या लाइनवरचं प्रत्येक उपकरण तपासा.