ऑटोमेशनमधल्या या चुका टाळा: फेडर आपल्या ताब्यात ठेवा

मिक्स जवळपास झालेला असतो. मुखड्यात गायकाचा आवाज जरा मागे वाटतो म्हणून फेडर (ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) दीड डीबी वर सरकवावा, तर बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये प्ले दाबताच तो जुन्या जागी जाऊन बसतो. सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं. त्या फेडरवर आधीच व्हॉल्यूम ऑटोमेशन, म्हणजे आवाज कुठे किती वर-खाली व्हावा हे सांगणारी रेषा, काढलेलं असतं आणि फेडर त्या रेषेच्या ताब्यात गेलेला असतो.

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. एखादा पुसट शब्द उचलणं वेगळं आणि अख्ख्या गाण्यात आवाज किती ठेवायचा हे ठरवणं वेगळं. दोन्ही कामं एकाच फेडरवर लादू नका. एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकवर युटिलिटी हे साधं उपकरण टाकून रेषा तिच्या गेनवर (पातळी वाढवण्या-घटवण्याचा नॉब) काढा. लॉजिक या सॉफ्टवेअरमध्ये गेन प्लगइन आहे, रीपरमध्ये ट्रिम व्हॉल्यूमचा वेगळा एन्व्हलप (ऑटोमेशनची रेषा) मिळतो. फेडर शेवटपर्यंत मोकळा राहतो.

ही युटिलिटी कॉम्प्रेसरच्या (मोठा आवाज दाबणारं उपकरण) आधी ठेवली की नंतर, याने बराच फरक पडतो. रेशो (दाबण्याचं प्रमाण) ४:१ असेल आणि आवाज थ्रेशोल्डच्या (जिथून दाबणं सुरू होतं ती पातळी) वर असेल, तर आधी वाढवलेल्या ४ डीबीतला साधारण १ डीबीच बाहेर येतो. ‘रेषा काढली पण काही ऐकूच येत नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं. शब्द एकसारखे करायचे असतील तर आधी ठेवा, मुखडा उठून यायला हवा असेल तर नंतर.

आता डिले, म्हणजे आवाजाचे पडसाद पाडणारा इफेक्ट. समजा अंतऱ्याची ओळ ‘दूर’ या शब्दावर संपते आणि तेवढ्याच शब्दाला डिले हवा आहे. अनेक जण आवाजाच्याच ट्रॅकवर डिले टाकतात, त्याचा मिक्स (पडसादाचं प्रमाण) शब्दापुरता वर नेतात आणि लगेच शून्यावर आणतात. मग पडसाद कापल्यासारखा तुटतो, कारण मिक्स उतरला की टेलही (मागे घुमत राहणारा पडसाद) ऐकू येत नाही. मिक्स वरच ठेवावा तर पुढची ओळ डिलेत बुडते. म्हणून डिले रिटर्न ट्रॅकवर (इफेक्टसाठीचा वेगळा ट्रॅक) ठेवा, त्याचा मिक्स १०० टक्के करा आणि रेषा सेंडवर (आवाज तिकडे किती पाठवायचा ते ठरवणारा नॉब) काढा. ‘दू’च्या किंचित आधी सेंड उघडा, ‘र’ संपला की बंद करा. आत गेलेला शब्द फीडबॅक विरेपर्यंत घुमत राहतो आणि पुढची ओळ स्वच्छ ड्राय, म्हणजे बिनपडसादाची, येते. ही जागा नीट जमली की गाणं खरंच बदलतं, त्यामुळे इथे वेळ द्याच. डिलेचा टाइम मात्र टेल चालू असताना बदललात तर सूर घसरू शकतो. लाइव्हच्या डिलेत अशा वेळी रिपिचऐवजी फेड निवडा.

‘टक’ असा आवाज येत असेल तर एकदम उभी चढणारी रेषा शोधा. तिला १० मिलिसेकंदांचा उतार दिला की बहुतेक वेळा भागतं. प्लगइनच्या बायपासवर रेषा काढण्यापेक्षा त्याचा मिक्स हलवणं बरं.

लाइव्हमध्ये रेषा दिसते पण नॉब हलत नाही? तो नॉब हाताने फिरवला गेला असणार, त्यामुळे त्याचं ऑटोमेशन बाजूला पडलं. वरच्या पट्टीतलं री-एनेबल ऑटोमेशनचं बटण पेटलेलं असेल, ते दाबा.

अंतरा पुढे सरकवला आणि रेषा मागेच राहिली, तर लाइव्हमध्ये लॉक एन्व्हलप्स (रेषा जागेवरच बांधून ठेवणारा पर्याय) चालू राहिलंय का बघा. रीपरमध्ये ऑडिओसोबत एन्व्हलपचे पॉइंट हलवण्याचा पर्याय चालू करावा लागतो.

फेडर हाताने हलवून ऑटोमेशन लिहीत असाल तर मोड तपासा. टचमध्ये फेडर सोडला की तो जुन्या रेषेवर परततो. लॅचमध्ये प्लेबॅक थांबेपर्यंत शेवटच्या जागीच राहतो आणि पुढची जुनी रेषा पुसत जातो. राइटमध्ये तर फेडरला हात न लावताही जुनं पुसलं जातं. दुरुस्तीसाठी टचच वापरा, आणि पास (लिहिण्याची फेरी) संपला की ट्रॅक लगेच रीडवर (रेषा फक्त वाचणारा मोड) आणा.