बेटावर जोडीने बॅकपॅकिंग करताना या चुका टाळा

उष्ण प्रदेशातल्या बेटावर पाठीला सॅक लावून फिरणारी जोडपी अडचणीत येतात तेव्हा कारण बहुतेक वेळा एकच असतं. दोघं मिळून एकच प्रवासी असल्यासारखी तयारी केलेली असते. पाणी एकाच्या सॅकमध्ये, नकाशा दुसऱ्याच्या फोनमध्ये, पैसे एकाकडे, औषधं दुसऱ्याकडे. सोबत असेपर्यंत हे छान चालतं. पण बेटावर ताटातूट व्हायला वेळ लागत नाही: एक तापाने खोलीत पडतो, एक पाण्यात ओढला जातो, जंगलातल्या वाटेच्या फाट्यावर एक डावीकडे जातो आणि एक उजवीकडे. अशा वेळी प्रत्येकाला निदान एक दिवस एकट्याने निभावता आलं पाहिजे. तयारीची कसोटी मी हीच मानते.

सामानाची वाटणी प्रकारानुसार करणं

'कपडे तुझ्याकडे, बाकीचं माझ्याकडे' ही वाटणी सोयीची वाटते, पण एक सॅक भिजली किंवा हरवली की दोघंही अडकतात. प्रत्येकाच्या सॅकमध्ये स्वतःचं पाणी, हेडटॉर्च, शिट्टी, ओआरएसची पाकिटं, थोडी रोकड आणि पासपोर्टची प्रत हवीच. जोडीदाराच्या कपड्यांचा एक कोरडा जोड आपल्या सॅकमध्ये आणि आपला त्याच्या सॅकमध्ये ठेवा. ऑफलाइन नकाशा आणि तिकिटं दोन्ही फोनमध्ये उतरवून घ्या.

वजन निम्मं-निम्मं वाटणं न्याय्य वाटतं, पण तसं नसतं. भरलेली सॅक आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या भागापेक्षा जड नसावी, असा ट्रेकिंगमधला जुना आडाखा आहे. ५० किलोच्या माणसाला तो १० किलोवर थांबवतो, ७५ किलोच्या माणसाला १५ वर. दमट हवेत त्याहूनही कमी बरं. खांदे दुखत असतील तर आधी कमरेचा पट्टा बघा. तो पोटावर नाही, कंबरेच्या हाडांवर बसला पाहिजे आणि खांद्यांच्या पट्ट्यांच्या आधी आवळला पाहिजे.

सॅकवरच्या रेनकव्हरवर विसंबू नका. बेटावरच्या पावसात पाणी मानेवरून पाठीवर उतरतं आणि पाठीच्या बाजूने आत झिरपतं. तिथे कव्हर नसतंच. सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी पसरा, त्यात सामान भरा, वरचं तोंड पिळा, पिळलेला भाग दुमडा आणि रबराने बांधा. बाहेरची सॅक चिंब झाली तरी आतला शर्ट कोरडा निघतो.

पूर्ण बेटाला एकच ऋतू धरणं

श्रीलंकेत नैर्ऋत्य किनाऱ्यावर साधारण मे ते सप्टेंबर पाऊस असतो, तेव्हा पूर्व किनारा कोरडा असतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत चित्र उलटं होतं. थायलंडमध्ये फुकेतचा पाऊस मे ते ऑक्टोबरचा, तर थायलंडच्या आखाताकडच्या को सामुईला सर्वाधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. त्यामुळे 'अमुक महिन्यात जावं का?' एवढंच विचारून भागत नाही. कोणत्या किनाऱ्यावर जायचंय तेही ठरवावं लागतं. पावसात अडकलात तर परत फिरण्याआधी बेटाच्या दुसऱ्या बाजूचा अंदाज बघा.

दुपारच्या भांडणाला स्वभाव समजणं

याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय. बेटावरची जोडप्यांची भांडणं बऱ्याचदा भर दुपारी, चालताना होतात. विषय क्षुल्लक असतो: वाट कोणी चुकवली, फोटोसाठी किती थांबायचं. अशा वेळी आधी सावली शोधा, दोघं बसा, पाणी प्या आणि काही खारट खा. उष्णतेचा त्रास सुरू होताना चिडचिड, डोकं दुखणं, मळमळ ही लक्षणं येतात, आणि ज्याला होतात त्याला ती सहसा कळत नाहीत. ती ओळखायला दुसरा माणूस लागतो.

शरीराला नव्या उकाड्याची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून पहिल्या दिवसांत पल्ला छोटा ठेवा आणि सकाळी लवकर निघा. नुसतं साधं पाणी ढोसत राहणंही चूक आहे. घामातून मीठ जातं, आणि पाण्याचा अतिरेक झाला तर रक्तातलं सोडियम घसरतं. ओआरएस संपलं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचाच घ्या आणि मिठाचं माप वाढवू नका.

जोडीदार असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, अंग भाजत असलं तर तो उष्माघात समजा. घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नका, चालून उष्माघात झालेल्या माणसाला घाम असू शकतो. मदत बोलवा आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घालत राहा. शुद्ध नीट नसेल तर तोंडाने काही पाजू नका.

सनस्क्रीन दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावायचं. पांढरा सुती टी-शर्ट ओला झाला की ऊन फारसं अडवत नाही, लांब बाह्यांचा गडद, दाट विणीचा शर्ट अधिक कामाचा. सनस्क्रीन घेण्याआधी घटकांची यादी वाचा. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनवर प्रवाळांच्या रक्षणासाठी पलाऊने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून विक्रीबंदी घातली आहे.

शांत दिसणाऱ्या पाण्यात उतरणं

लाटा फुटत असलेल्या किनाऱ्यावर मधेच एक पट्टा गुळगुळीत दिसतो, पाणी जरा गडद, फेस आत समुद्राकडे सरकणारा. नवखी माणसं नेमकी तिथूनच उतरतात. किनाऱ्यावर आलेलं पाणी ज्या वाटेने परत जातं, तीच ही ओढ, म्हणजे रिप करंट. तिचा वेग सेकंदाला दोन मीटरच्याही वर जाऊ शकतो, त्यामुळे किनाऱ्याच्या दिशेने झुंजत पोहणारा चांगला पोहणाराही थकतो. ही ओढ खाली खेचत नाही, बाहेर नेते. म्हणून तरंगत राहा, हात वर करून मदत मागा आणि ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडा. मग लाटांबरोबर तिरकं आत या.

जोडीसाठी खरा धोका याच्या पुढे आहे. एक ओढला जातो आणि दुसरा विचार न करता मागोमाग उडी मारतो. माया असते म्हणूनच उडी मारली जाते, आणि म्हणूनच हे आधी बोलून ठेवायला हवं. बाहेर असलेल्याने बाहेरच राहायचं, आरडाओरडा करून मदत बोलवायची, बुडणाऱ्यावरची नजर हलू द्यायची नाही आणि तरंगेल असं काही फेकायचं. झाकण घट्ट लावलेला रिकामा पाण्याचा कॅन किंवा हवा भरून तोंड बंद केलेली ड्राय बॅग, म्हणजे पाणी आत न शिरणारी पिशवी, चालते. दोघंही एकाच वेळी पाण्यात आणि किनाऱ्यावर कुणीच नाही, असं निर्मनुष्य किनाऱ्यावर करू नका.

खडकांना वळसा घालून पुढच्या किनाऱ्यावर जायचं असेल तर भरतीचं वेळापत्रक हवंच. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून कालची वेळ आज लागू होत नाही. ओहोटी पूर्ण व्हायच्या आधी निघा, म्हणजे परतीला वेळ मिळतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा कोरडी वाट जास्त वेगाने पाण्याखाली जाते.

उथळ पाण्यात जाड तळाचे बूट घाला. स्टोनफिश (दगडासारखा दिसणारा विषारी मासा) किंवा समुद्री साळूचा काटा रुतला तर ती जागा सोसवेल इतक्या गरम, साधारण ४० ते ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात बुडवून ठेवा. पाण्याची गरमी जोडीदाराने स्वतःच्या हाताने तपासावी, कारण दुखऱ्या पायाला चटका कळत नाही. शंकूच्या आकाराचे नक्षीदार शंख जिवंत असताना उचलू नका. त्यातल्या काही गोगलगायींचा दंश जीवघेणा ठरतो. प्रवाळाने खरचटलं तर जखम लगेच साबण-पाण्याने खळखळून धुवा, ती सहज चिघळते.

फक्त संध्याकाळी डासांची आठवण होणं

डेंगी पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी. त्यामुळे क्रीम सकाळी निघतानाच लावायचं, आधी सनस्क्रीन, मग त्यावर डासांचं. ताप आला तर डेंगी नाही हे कळेपर्यंत पॅरासिटामॉलवर राहा. आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन टाळा, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरला की संकट टळलं असं मानून पुढच्या बेटाची तिकिटं काढणं मोठी चूक ठरू शकते, कारण डेंगीत बिघडण्याचा काळ ताप उतरतानाच येतो. पोटात जोराचं दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, गुंगी यातलं काही दिसलं तर थेट रुग्णालय.

कुत्रा किंवा माकड चावलं, नुसता ओरखडा असला तरी, साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी डॉक्टर गाठा.

वेगवान माणसाला पुढे ठेवणं

पुढचा माणूस थांबतो, मागचा दमत पोहोचतो, आणि तो पोहोचताच पुढचा उठून चालू लागतो. म्हणजे विश्रांती फक्त एकालाच मिळते. हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा. विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर सहाच्या आसपास मावळतो आणि संधिप्रकाश २०-२५ मिनिटांत संपतो, म्हणून परत फिरण्याची वेळ निघतानाच ठरवा. 'पुढे नको' असं कुणी एकाने म्हटलं तरी परत फिरायचं. का म्हटलं ते खोलीवर आल्यावर विचारायचं.

स्कूटरबाबत थोडक्यात: मोटारीचा परवाना दुचाकीला चालत नाही, आणि योग्य परवान्याशिवाय अपघात झाला तर प्रवास विमा सहसा दावा नाकारतो. दोन माणसं आणि दोन भरलेल्या सॅक एका स्कूटरवर चढावर नेऊ नका. आधी सॅक कुठे तरी ठेवा, मग फिरा.

शेवटचे दिवस ठासून भरणं

खराब हवेत बोटींच्या फेऱ्या रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाच्या निदान एक दिवस आधी विमानतळ असलेल्या बेटावर या. स्कूबा डायविंग शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवू नका. अनेक डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ द्यावे लागतात. असाच नियम उंच डोंगरालाही लागतो, आणि ज्वालामुखी बेटांवर हे पटकन विसरलं जातं. हवाईतलं मौना केआ ४,२०७ मीटर उंच आहे, डायविंगनंतर २४ तास तिथे जाऊ नये असं सांगितलं जातं. म्हणून डोंगर आधी, डायविंग नंतर, आणि मग किनाऱ्यावर एक मोकळा दिवस. डाइव्हनंतर सांधे दुखू लागले, मुंग्या आल्या किंवा चक्कर आली तर शुद्ध ऑक्सिजन आणि डायविंगची माहिती असलेला डॉक्टर लागतो. किती खोल आणि किती वेळ होतो, हे दोघांचंही लिहून ठेवलेलं असलं की ते डॉक्टरांना जोडीदारही सांगू शकतो.