रतनगड ते हरिश्चंद्रगड: आखणी शेवटाकडून करा

मुंबईकर रेंज ट्रेक, म्हणजे डोंगररांगेतून एका गडावरून दुसऱ्या गडापर्यंतची सलग चाल, ठरवताना पहिली चौकशी करतात ती कसारा लोकलची. खरं तर सुरुवात परतीच्या एसटीपासून करावी. रतनवाडी, रतनगड, कात्राबाई खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड आणि तोलार खिंडीतून खिरेश्वर, या क्रमाने चालल्यास शेवट माळशेज रस्त्यावर होतो. खुबी फाट्यावर कल्याणकडे जाणारी एसटी मिळते. उलट दिशेने गेलात तर दमल्या पायांनी रतनवाडीत जीपची वाट बघत बसावं लागतं.

मुक्काम किलोमीटर मोजून नव्हे, तर पाणी बघून ठरवा. पावसाळा संपल्यावर काही आठवडे ओढे वाहतात, फेब्रुवारीनंतर बरेचसे आटतात. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबर उत्तम. कात्राबाई खिंडीच्या जंगलात शिरण्याआधी माणशी तीन लिटर भरून घ्या. तिथल्या ढोरवाटा फार फसव्या असतात, मोबाईलला रेंजही धड नसते. रतनवाडीतूनच वाटाड्या घ्या. त्याच्या मजुरीत घासाघीस करू नये, हे माझं स्पष्ट मत.

कुमशेत, पाचनईला घरगुती पिठलं-भाकरी मिळते, पण किती जण येणार ते आधी कळवा. तेवढंच पाठीवरचं ओझं कमी. तंबू नेणार असाल तर हा अभयारण्याचा भाग आहे, कुठे मुक्कामाला परवानगी आहे ते वनखात्याच्या नाक्यावर विचारून घ्या. नवे बूट मात्र आधी बोरिवलीच्या जंगलात, कान्हेरीच्या चढावर दोन-चारदा वापरून बघा.