बीआयएममध्ये करिअर करताय? या चुका टाळा

आर्किटेक्चर, सिव्हिल किंवा मेकॅनिकल करून पुण्यातली बरीच मुलंमुली बीआयएमकडे (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग) वळतात. इमारतीचं माहितीसकट मॉडेल उभं करायचं, म्हणजे तिन्ही विषय आणि कॉम्प्युटर एकत्र आले. काम खरंच छान आहे. पण बाणेर, खराडीच्या ऑफिसांत मुलाखतीला आलेल्यांपैकी अनेकांना रेव्हिट (असं मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) येतं, इमारत येत नाही.

याचा सगळ्यात मोठा फटका क्लॅश रिपोर्टमध्ये, म्हणजे मॉडेलमध्ये काय कशाला आडवं येतंय त्या यादीत, बसतो. नेव्हिसवर्क्स या तपासणीच्या सॉफ्टवेअरने शेकडो क्लॅश दाखवले की नवखा माणूस अख्खी यादी तशीच पुढे ढकलतो. तसं करू नका. आधी गट पाडा. एकाच बीमला आडवे येणारे वीस पाइप म्हणजे वीस प्रश्न नव्हेत, एकच. मग कोणी सरकायचं ते बघा. टॉयलेटचा 110 मिमीचा ड्रेनेज पाइप उतारावरच चालतो. 1:100 चा उतार धरला तरी 10 मीटरला तो 100 मिमी खाली येणारच, मध्येच वर उचलता येत नाही. वायरींचा केबल ट्रे मात्र सहज वळवता येतो. म्हणून साधारणपणे जागा आधी ड्रेनेजला, मग हवेच्या मोठ्या डक्टला, मग पाण्याच्या आणि फायरच्या पाइपना, उरलेली ट्रेला. बीममधून जाण्यावाचून इलाजच नसेल तर भोक कुठे आणि केवढं, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरलाच विचारा, तेही स्लॅब भरण्याआधी, म्हणजे स्लीव्ह (पाइपसाठी आधीच सोडलेली नळी) टाकता येते. नंतर कोअर कटिंग (तयार काँक्रीटला मशीनने भोक) करायची वेळ आली तर सळई कापली जाण्याची भीती असते.

हे कोणत्याही क्लासमध्ये नीट कळत नाही. ओळख काढून, परवानगी घेऊन, स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी एखाद्या साइटवर जा. सळयांच्या जाळीत कंड्युट (वायरींचे पाइप) कसे बांधलेत, स्लीव्ह कुठे सोडल्यात, टॉयलेटचा सनकन (खोलगट) स्लॅब किती खाली घेतलाय, हे तासभर बघा. माझ्या मते कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा हा तास मोलाचा.

फाइलींचे त्रास ठरलेलेच असतात. लिंक केलेली मॉडेल्स एकमेकांवर बसत नसतील, तर बहुतेक वेळा प्रत्येकाने ओरिजिन (मोजमापाचा शून्यबिंदू) वेगळा धरलेला असतो. शेअर्ड कोऑर्डिनेट्स, म्हणजे सगळ्यांचा एकच संदर्भ, काम सुरू होतानाच ठरवा. सर्व्हेचे लांबलचक आकडे तसेच घेतल्याने इमारत रेव्हिटच्या इंटर्नल ओरिजिनपासून 16 किलोमीटरच्या पलीकडे गेली, तर रेषा नीट दिसत नाहीत, स्नॅप चुकतात. व्हर्जनही आधीच पक्कं करा, कारण नव्या रेव्हिटमध्ये सेव्ह केलेली फाइल जुन्यात उघडत नाही.

कन्सेप्टच्या टप्प्यावर दरवाजाची कडी-बिजागरीही मॉडेल करत बसू नका. कोणत्या टप्प्यावर किती एलओडी (मॉडेलमधल्या तपशिलाची पातळी), ते करारात बघा.

आणखी एक, सिव्हिल किंवा मेकॅनिकलवाल्यांसाठी: मॉडेल कितीही सुंदर झालं तरी स्वतःपुढे ‘आर्किटेक्ट’ लावू नका. 1972 च्या कायद्याप्रमाणे त्यासाठी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी लागते.

डायनॅमो (रेव्हिटमधली कामं आपोआप करून घ्यायचं साधन) आणि पायथन जरूर शिका. फक्त एखादं काम, समजा खोल्यांना नंबर देणं, आधी एका मजल्यावर हाताने करून बघा. अपवाद कुठे येतात ते तेव्हाच कळतं. मग स्क्रिप्ट लिहा, आणि ती थेट सगळ्या टीमच्या सेंट्रल मॉडेलवर न चालवता आधी त्यापासून डिटॅच (वेगळ्या) केलेल्या कॉपीवर चालवा.