बरणीतली बाग का सडते? या चुका टाळा

बरणीतली बाग (टेरॅरियम) म्हणजे झाकणाच्या काचेच्या बरणीत तळाला खडे, वर माती घालून लावलेली छोटी रोपं. "बरणीतली बाग पंधरा दिवसांत मेली" असं सांगत कुणी आलं की मी आधी एकच विचारते: पाणी किती घातलंस? उत्तर ठरलेलं असतं, "जास्त नाही, थोडंच." जाऊन बघावं तर तळाच्या खड्यांत दोन बोटं पाणी.

बरणीला खाली भोक नसतं. कुंडीतलं जास्तीचं पाणी बशीत उतरतं, बरणीतलं खड्यांत साचतं आणि तिथेच राहतं. खड्यांचा थर घातला की निचऱ्याची काळजी मिटली, असं व्हिडिओंत सांगतात, ते मला अजिबात पटत नाही. तो थर चुकून पडलेले चार चमचे झेलण्यापुरता. खड्यांत पाणी दिसायला लागलं की माती वरपर्यंत चिंब झालेली असते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजायला लागतात.

मी हे फार वाईट पद्धतीने शिकले. चार वर्षांपूर्वी ठरवलं की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचे डबे वाटायचे नाहीत, वाण म्हणून बरणीतली बागच द्यायची. ठाण्यातल्या जांभळी नाक्यावरून एक-एक लिटरच्या एकवीस बरण्या आणल्या. हळदीकुंकू रविवारी, आणि लागवड शनिवारी रात्री जेवणं आटोपल्यावर. जाऊबाई खडे आणि कोळसा भरत होत्या, मी रोपं लावत होते. "सुकायला नकोत" म्हणून प्रत्येक बरणीत अर्धी अर्धी वाटी पाणी ओतलं आणि झाकणं गच्च लावली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी कौतुक केलं. मग फोन यायला लागले. कोपरीच्या मावशींकडे गेले, झाकण उघडलं, तर कुजलेल्या अंड्याचा वास. फिटोनियाला (रंगीत शिरांच्या पानांचं बुटकं रोप) नुसता हात लावला तर ते वर आलं, खाली मूळच नव्हतं, तपकिरी बुळबुळीत देठ फक्त. एकवीसपैकी तीन बरण्या जगल्या. त्या अगदी शेवटच्या होत्या. तोवर तांब्यातलं पाणी संपत आलं होतं, पुन्हा भरायला उठायचा कंटाळा आला, म्हणून त्यांना दोन-दोन चमचेच मिळाले होते.

तेव्हापासून पाणी बरणीत नाही, परातीत. दोन वाट्या कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक वाटी माती आणि मूठभर गांडूळखत परातीतच पाण्याचा हात लावून कालवते. मूठ आवळली की लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून थेंब येता कामा नये. लागवड झाल्यावर एक लिटरच्या बरणीला पोह्याचे दोन चमचे पाणी, तेही काचेच्या कडेने, काचेवरची माती धुऊन निघेल इतकंच. झाकण एक दिवस उघडं, मग बंद. सकाळी काचेवर दव दिसून दुपारपर्यंत विरलं तर पाणी बरोबर. दिवसभर बरणी धुरकट राहिली तर दोन-तीन तास झाकण काढा. काच कोरडीच असेल तर एक चमचा द्या आणि चार दिवस हात लावू नका.

ठाण्यात पावसाळ्यात मात्र झाकण काढून फायदा होत नाही, कारण बाहेरची हवाच ओली असते. मी तेव्हा काठीला सुती चिंधी बांधून आतली काच पुसते. नवी बरणी तर जून ते सप्टेंबर लावतच नाही. दिवाळीनंतर लावते, सहा आठवडे स्वतःकडे ठेवते, आणि जी टिकली तीच वाणाला देते. ज्यांना आज लावून उद्या भेट द्यायची आहे, त्यांनी सरळ कुंडीतलं रोप द्यावं.

दुसरी चूक उन्हाची. बंद काचेत ऊन शिरलं की आतली हवा तापते आणि बाहेर पडत नाही. घोडबंदर रोडला राहणाऱ्या भाचीने पश्चिमेच्या खिडकीत बरणी ठेवली, तीही एप्रिलात. संध्याकाळी ती ऑफिसातून आली तेव्हा नेचा (फर्न) उकडलेल्या पालकासारखा खाली बसलेला. खिडकीपासून दोन-तीन फूट आत, भरपूर उजेडात, पण उन्हाचा पट्टा अंगावर येणार नाही अशी जागा हवी. आणि जागा एकदा ठरवून विसरू नका. दक्षिणेच्या खिडकीत जूनमध्ये ऊन येत नाही, पण डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, तेव्हा तेच ऊन थेट बरणीवर पडतं.

रोपांच्या निवडीबद्दल थोडक्यात: कॅक्टस, जेड, कोरफड बंद बरणीत नको, ती सडणारच. मनीप्लांट दोन महिन्यांत झाकण ढकलतो. फिटोनिया, पेपेरोमिया, छोटे नेचे, सेलाजिनेला घ्या. नर्सरीतून रोप आणलं की मुळाभोवतीचा लाल मातीचा चिकट गोळा हलक्या हाताने सोडवा, नाहीतर तो विटेसारखा पाणी धरून बसतो. कोळसा इस्त्रीवाल्याकडचा लाकडी चालतो, न जळलेला, धुऊन. दगडी कोळसा नको. वरून खत घालू नका. लोणच्याची बरणी सोड्याने धुऊन घ्या, तेलाचा ओशटपणा राहिला की बुरशी धरते.

आणि येऊरहून शेवाळ खरवडून आणू नका. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, तिथून काही उचलून आणणं कायद्यानेही चूक आहे. पावसात सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीवर हवं तेवढं शेवाळ येतं. ते घ्या, पाण्यात बुडवून त्यातले किडे काढा, मग वापरा.

पाण्यावर मी इतकं का बोलते, त्याला जुना दाखला आहे. 1829 साली लंडनमध्ये नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टरने पतंगाचा कोश ओल्या मातीत ठेवून बाटली बंद केली. त्या मातीतून नेचा आणि गवत उगवलं. शहराच्या काजळीत बाहेर त्याचे नेचे जगत नव्हते, आणि हे बाटलीत जवळजवळ चार वर्षं जगले, वरून पाणी न घालता. मेले कधी, तर तो गावाला गेला असताना झाकण गंजलं आणि पावसाचं पाणी आत गेलं तेव्हा.

बरणी आधीच बिघडली असेल तर: मातीवर पांढरी बुरशी, पण वास नाही, तर तेवढा भाग चमच्याने काढा आणि झाकण दिवसभर उघडं ठेवा. काचेला टेकलेली पानं कात्रीने छाटा, सडायला तिथूनच सुरुवात होते. वास येत असेल तर वाचवायच्या फंदात पडू नका. फिटोनियाचे निरोगी शेंडे खुडून पेल्यात पाण्यात ठेवा, दोन-तीन आठवड्यांत मुळं फुटतात. माती फेकून द्या, खडे उकळून उन्हात वाळवा, बरणी धुऊन पालथी घाला आणि शेंड्यांना मुळं फुटेपर्यंत ती तशीच राहू द्या.