आधी लेवीय, मग इब्री

ख्रिस्ताच्या बलिदानाचा अभ्यास करायचा म्हटले की नवा विद्यार्थी बहुधा थेट इब्री लोकांस पत्राचा नववा अध्याय उघडतो. बिबवेवाडीच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत शिकायला येणारे असोत की पुण्यातल्या मंडळ्यांचे अभ्यासगट, आमचे सांगणे एकच: आधी जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाचे १ ते ७ आणि १६ हे आठ अध्याय सावकाश वाचा. वाचकाला हे ठाऊक आहे असे धरूनच पत्राचा लेखक लिहितो.

वहीत पाच अर्पणांसाठी पाच पाने ठेवा: होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण, दोषार्पण. (दुसऱ्या भाषांतरात होमबली, पापबली असे शब्द दिसतील, अर्पणे तीच.) प्रत्येक पानावर चार प्रश्न लिहा: काय आणायचे, कापतो कोण, रक्त कुठे जाते, मांस कोण खातो. सगळे याजकच करतो असा समज असतो. पण १:५ मध्ये बैल कापतो तो आणणारा माणूस. याजकाचे काम रक्तापासून सुरू होते. होमार्पणात कातडे सोडून सगळे वेदीवर जळते. शांत्यर्पणात चरबी परमेश्वराची, ऊर आणि उजवी मांडी याजकांची, उरलेले अर्पण करणाऱ्याच्या पंगतीला.

जास्त वेळ रक्ताच्या प्रश्नाला द्या. साध्या माणसाच्या पापार्पणाचे रक्त निवासमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, अंगणातल्या होमवेदीच्या शिंगांना (कोपऱ्यांवरच्या उंचवट्यांना) लावतात. मुख्य याजकाचे किंवा साऱ्या समाजाचे पाप असेल तर ते आत नेऊन पडद्यासमोर सात वेळा शिंपडतात. प्रायश्चित्ताच्या दिवशी, सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी, ते पडद्यापलीकडे दयासनापर्यंत, म्हणजे कराराच्या कोशाच्या झाकणापर्यंत, जाते. ज्याचे रक्त आत गेले त्या प्राण्याचे मांस कोणी खात नाही, ते छावणीबाहेर जाळतात. एवढे वहीत असले की इब्री १३:११-१२ मधले येशूचे वेशीबाहेर सोसणे आपोआप उलगडते.

मराठी वाचक हमखास अडखळतो तो ‘प्रायश्चित्त’ या शब्दापाशी. आपल्याकडे प्रायश्चित्त चुकलेला माणूस घेतो; नवसाचा बोकडही माणूसच देतो. तीच कल्पना मनात ठेवून वाचले तर यज्ञ म्हणजे देवाची समजूत घालण्यासाठी माणसाने केलेला खर्च वाटतो. लेवीय १७:११ मध्ये मात्र वेदीवरचे रक्त ‘मी तुम्हांला दिले आहे’ असे देवच सांगतो. हे वचन हातून सुटले तर वधस्तंभाचाही अर्थ उलटा लागतो.

जुन्या करारात क्षमा नव्हतीच, असेही सर्रास शिकवले जाते. चौथ्या अध्यायात क्षमेचे वचन चार वेळा आहे (२०, २६, ३१, ३५). उणीव दुसरीकडे होती: यज्ञ दरवर्षी पुन्हा करावे लागत, विवेकभाव शुद्ध होत नसे, आणि हट्टाने केलेल्या पापाला अर्पणच नव्हते (गणना १५:३०). इब्री १०:११-१२ मध्ये याजक रोज उभा राहतो, ख्रिस्त एकच यज्ञ करून बसतो. निवासमंडपाच्या सामानाची यादी तपासा. याजकासाठी आसन त्यात नाही.

नियमशास्त्राप्रमाणे बहुतेक सर्व काही रक्ताने शुद्ध होते, या इब्री ९:२२ मधला ‘बहुतेक’ गाळून वाचू नका. दोन होले घेण्याचीही ऐपत नसलेल्याला एक दशांश एफा, म्हणजे साधारण दोन लिटर मापाचे सपीठ पापार्पण म्हणून चालत असे, तेल किंवा धूप न घालता (लेवीय ५:११). मरियेने बाळंतपणानंतर पक्षी अर्पण केले (लूक २:२४), तीही गरिबाला दिलेली सवलत होती.

दोषार्पणाचे पान शेवटी पुन्हा काढा. तिथे मेंढ्याबरोबर भरपाई आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा असतो: हजार रुपये बुडवले असतील तर बाराशे परत. क्षमा मोफत मिळते म्हणून हे पान फाडायचे नसते. लूक १९ मधला जकातदार जक्कय चौपट देऊ करतो, तेही येशू त्याच्याकडे उतरायला आल्यावर.