एकाच विषयावर सगळ्यांनी मिळून नाटक उभं करायचंय? मग वर्कशॉप असं घ्या

विषय फार मोठा नका ठेवू. 'पाणी' म्हटलं की सगळे भाषण ठोकायला लागतात, त्यापेक्षा '1972 चा दुष्काळ' घ्या, लगेच हाताला वस्तू लागतात, दुष्काळी कामावर खडी फोडायचा हातोडा, तेव्हा वाटायचे ती सुकडी (पौष्टिक कोरडा खाऊ), तो लाल मिलो (परदेशातून आलेली ज्वारी). आठ-दहा जण बास, नट, गाणारे, ढोलकीवाला, आणि एखादा चित्रकार पण हवाच.

पहिल्या दिवशी स्क्रिप्ट अजिबात नको. प्रत्येकाने घरातल्या नाहीतर शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून एक आठवण आणायची, पण ती स्वतः करायची नाही, दुसऱ्याला द्यायची, तो न बोलता नुसत्या शरीराने करणार, मग ढोलकीवाला त्यात खडी फोडायचा ठेका शोधतो आणि तिथंच सीन सापडतो बघा, मला हा भाग सगळ्यात आवडतो. मोबाईलवर शूट करून ठेवा, दुसऱ्या दिवशी निम्मं विसरायला होतं.

तिसऱ्या दिवशी तुकडे जोडायचे. इथं वाद होतातच, म्हणून एक जण फक्त बाहेर बसून बघणारा ठेवा, काय ठेवायचं काय काढायचं ते त्याने सांगायचं.

पहिली रनथ्रू, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग तालीम, आठवणी देणाऱ्यांनाच दाखवा. ते जिथं "असं नव्हतं रे बाळा" म्हणतील तो सीन परत करा.